शिळे कोणी खावे?

सणाच्या दिवशी काय रांधावे, नैवेद्य कोणता दाखवावा, पानात कोणता पदार्थ कोठे वाढावा, यांविषयी आपल्याकडे नियमांची उणीव नाही. परंतु दुसऱ्या दिवशी घरात जे उरलेले असते त्याचे काय करावे, यासंबंधी एक अपवाद सोडला तर पंचांग मुके आहे. हा प्रश्न सर्वस्वी गृहिणीवर सोपविलेला आहे, आणि तिने तो इतक्या चातुर्याने सोडविला आहे की, त्यात काही प्रश्न आहे हेच घरातील इतरांच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू पाककृती सांगण्याचा नाही. उरलेल्या अन्नाचे काय करावे, या प्रश्नाच्या पोटात ते कोणी खावे असा दुसरा प्रश्न दडलेला आहे. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचाच येथे थोडा विचार करावयाचा आहे.

उदाहरणादाखल मुंबईतील कॉटन ग्रीनच्या आसपासची वस्ती घेऊ. मुंबईच्या कापसाचा बाजार प्रथम कोटातील हिरवळीवर भरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो कुलाब्यास गेला, आणि १९२० नंतरच्या दशकात शिवडीजवळ समुद्र हटवून पोर्ट ट्रस्टने मिळविलेल्या जमिनीवर येऊन स्थिरावला. हिरवळ मागे राहिली, नाव मात्र कापसाबरोबर येथवर आले. शेजारीच काळाचौकी, आंबेवाडी, लालबाग ही गिरणगावची जुनी वस्ती आहे. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येथील एखाद्या घरात डोकावावे. डब्यात पाच-सात मोदक असतात, पातेल्यात भात आणि वरण, पोळ्यांची एक चवड, आणि दर्शनास आलेल्यांनी ठेवलेल्या नारळांची रास. संध्याकाळपर्यंत मोदक तळले जातात, भाताला हिंग-मोहरीची फोडणी बसते, पोळ्यांचा कुस्करा होतो किंवा गूळ-तूप घालून लाडू वळले जातात, वरणात पीठ भिजवून थालीपीठ लागते, आणि नारळांच्या वड्या थापल्या जातात. होळीला कटाची आमटी करणाऱ्या घरांत तर ती दुसऱ्या दिवशीच खरी लागते, याविषयी दुमत नसते.

या व्यवहारास शास्त्राची संमती आहे काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात, शिजवून प्रहर लोटलेले, रस गेलेले, रात्र उलटलेले अन्न तामसी लोकांस प्रिय असते असे सांगितले आहे. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात याच नियमाला अपवाद आहेत. तूप-तेलाने युक्त असलेले, होमातून उरलेले, तसेच जव, गहू आणि दूध यांपासून केलेले पदार्थ शिळे झाले तरी खाण्यास हरकत नाही, असे तेथे म्हटले आहे. नियम व अपवाद या दोहोंच्या मागे अनुभव दिसतो. भात शिजल्यानंतरही काही जीवाणूंची बीजे त्यात जिवंत राहतात. दमट व उबदार हवेत ती वाढतात, आणि त्यांच्यापासून होणारे विष पुन्हा तापविल्याने सर्वस्वी नाहीसे होत नाही, हे आता आपणांस ठाऊक आहे. मुंबईच्या भाद्रपदात उघड्यावर राहिलेला भात म्हणूनच भीतीचा विषय होय. उलट तळलेला, आटविलेला किंवा कोरडा पदार्थ टिकतो. शीतकपाट आल्यापासून ही मर्यादा पुष्कळ मागे हटली असली, तरी ती नाहीशी झालेली नाही. वास पाहून, बोटाने चाचपून ‘हे चालेल, हे नको’ असा निवाडा करणारी गृहिणी शास्त्रही पाळते आणि विज्ञानही. आरोग्याच्या अंगाने तिच्याविरुद्ध काही म्हणावयाचे नाही.

काटकसरीच्या अंगाने तर तिची स्तुतीच केली पाहिजे. ज्या शहराने १९४३ च्या मे महिन्यात धान्याचे रेशनिंग सुरू झालेले पाहिले, ज्या महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात परदेशी तांबडा मिलो खाल्ला, आणि ज्या गिरणगावाने १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुली मंदावलेल्या पाहिल्या, तेथे अन्नाचा कण टाकू नये हे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु ही स्मृती आता विरळ होत चालली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. हॉटेले व दुकाने यांस बोल लावून आपणांस मोकळे होता येत नाही, हे या आकड्यांवरून उघड आहे.

येथपर्यंत वाचकांस सर्व मान्य होईल. अडचण पुढे आहे. काटकसर ही वस्तूचा विचार करते, माणसाचा करीत नाही. याच वस्तीतील कापसाचा व्यवहार पाहावा. त्यात काहीही फुकट जात नसे. सरकीचे तेल निघे, पेंड गुरांना जाई, आणि पिंजताना-विंचरताना गळालेल्या तंतूंचेही जाडेभरडे सूत होई. हिशेबाच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. पण त्या जाड्याभरड्या सुताच्या चादरी कोणाच्या अंगावर गेल्या, हे हिशेबाची वही सांगत नाही. अन्नाचेही तसेच आहे. उरलेली पोळी वाया गेली नाही, एवढे म्हणून आपण संतुष्ट होतो. ती कोणाच्या पानात गेली, हे विचारीत नाही.

पुष्कळ घरांत ती कोणाच्या पानात जाते हे सर्वांस माहीत आहे. ताजी पोळी पुरुषांच्या व मुलांच्या पानात पडते. कालची तिच्या पानात, जिने दोन्ही लाटल्या. ‘मला हेच आवडते,’ असे ती म्हणते, आणि ऐकणारे ते खरे मानतात, कारण ते खरे मानणे सोयीचे असते. यावर कोणी म्हणेल की, हा तिचा प्रेमाचा त्याग आहे, त्यात आपण नाक का खुपसावे? प्रेमाचा त्याग मीही थोर मानतो. परंतु ज्या त्यागाची पाळी घरातील दुसऱ्या कोणावर कधीच येत नाही, त्याला त्याग न म्हणता वाटणी म्हणणे अधिक योग्य होईल, आणि वाटणी न्याय्य आहे की नाही हे विचारण्याचा अधिकार सर्वांस आहे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालून संसार चालविणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. दुसऱ्यांची पाने वाढण्यात ज्यांचा दिवस जाई, त्यांच्या स्वतःच्या पानाची काळजी कोणी तरी वाहावी लागते, हे त्या संस्थेने ओळखले. घरातल्या अन्नपूर्णेची मात्र अशी संस्था नसते. तिची काळजी पंक्तीला बसणाऱ्यांनीच वाहावयाची असते.

घरात उरले, आणि गृहिणीनेही पुरे म्हटले, म्हणजे अन्न आणखी एक पायरी खाली उतरते. भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात डबा पडतो. जिना झाडणाऱ्याला पिशवी मिळते. देणाऱ्याला पुण्य केल्याचे समाधान होते आणि शीतकपाटही रिकामे होते. या दोन समाधानांपैकी खरे कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्या समाजाला या विषयात विशेष सावध राहण्याचे कारण आहे. शिळी भाकर देणे ही आपल्याकडे एकेकट्या घराची कृती नव्हती. ती गावगाड्याची व्यवस्था होती. महारांनी गावकी करावी आणि मोबदल्यात दारोदार फिरून तुकडे गोळा करावेत, असा तो क्रम होता. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांस मेलेल्या जनावराचे मांस आणि लोकांनी टाकलेले तुकडे खाणे सोडून देण्यास सांगितले. चवदार तळ्याचे पाणी आणि हे तुकडे, या दोन गोष्टी एकाच परिषदेत याव्यात यात आश्चर्य नाही. जे सर्वांचे ते आम्हांस मिळाले पाहिजे, आणि जे कोणासच नको ते आम्ही घेणार नाही, ही एकाच स्वाभिमानाची दोन अंगे आहेत.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप येतो. मनुष्य भुकेला असेल, तर त्याला शिळे देणे हे फेकून देण्यापेक्षा बरे नव्हे काय? छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची कथा या ठिकाणी विचार करण्याजोगी आहे. कुरुदेशात पिके बुडाली होती. भुकेने व्याकूळ झालेला उषस्ति एका माहुताजवळ गेला. तो हलक्या कडधान्याच्या घुगऱ्या खात होता. माझ्यापुढे आहेत याहून निराळ्या माझ्याजवळ नाहीत, असे तो म्हणाला, आणि उषस्तीने मागितल्यावरून त्याच त्याने दिल्या. उषस्तीने त्या खाल्ल्या, परंतु त्याचे उष्टे पाणी नाकारले. घुगऱ्यांवाचून मी जगलो नसतो, पाणी मला हवे तेथे मिळेल, असे कारण त्याने दिले. उरलेल्या घुगऱ्या त्याने पत्नीसाठी नेल्या. तिला आधीच भिक्षा मिळालेली होती, म्हणून तिने त्या ठेवून दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शिळ्या घुगऱ्या खाऊन तो राजाच्या यज्ञास गेला.

या कथेचा उपयोग बहुधा आपद्धर्माचे समर्थन म्हणून करतात. प्राण जात असता उष्टे-शिळे खाण्यात दोष नाही, हे त्यातून निघते खरे. पण कथेतील माहुताकडे फारसे कोणी पाहत नाही. त्याने आपले जेवण आटोपून उरलेले दिले नाही. स्वतःच्या तोंडचे दिले, आणि याहून चांगले जवळ नाही हे सांगून दिले. शिळे-उष्टे घेण्यातील दोष भूक धुऊन टाकते, परंतु ती घेणाऱ्याची भूक असते. तिच्या आधारे देणाऱ्याला, कपाटात ताजे असताना शिळे देण्याची मुभा मिळत नाही. भुकेल्यास शिळे मिळणे हे काही न मिळण्यापेक्षा बरे, यात शंका नाही. परंतु आपल्यापुढे ताजे आणि शिळे असे दोन्ही असतात, तेव्हा आपण निवड करीत असतो, आणि त्या निवडीचा जाब आपणांस द्यावा लागतो.

मग करावे काय? द्यावयाचे असेल तर सणाच्या दिवशीच द्यावे, गरम असताना, घरच्यांची पाने वाढण्याच्या वेळी. जे पाहुण्यापुढे ठेवण्यास संकोच वाटेल ते कामाच्या माणसाच्या हातीही ठेवू नये. कोणी आपण होऊन उरलेले मागून नेले तर प्रश्न निराळा. पण तेथेही ते कधीचे आहे हे सांगावे. आणि दुसऱ्या दिवशी जे उरेल ते सर्वांनी एका पंक्तीत, सारख्या वाटणीने खावे. फोडणीचे खरे मोल मला येथे दिसते. भात नुसता शिळा असतो तोवर तो कोणा एकाच्या वाट्याला लोटता येतो; त्याला हिंग-मोहरी, मिरची, ओले खोबरे लागले म्हणजे तो सर्वांच्या पानात मानाने येतो, मुले त्यासाठी भांडतात, आणि गृहिणीस तो एकटीने संपवावा लागत नाही. प्रारंभी म्हटलेला पंचांगातील अपवादही हेच सांगतो. श्रावण शुद्ध सप्तमीस, शिळासप्तमीला, कित्येक घरांत चूल पेटवीत नाहीत. आदल्या दिवशीचे सर्वजण खातात. एकटीच्या वाट्याला आले असता जे गौण ठरते, तेच साऱ्या घराने पत्करले की त्याचे व्रत होते.

सणाला थोडे अधिक रांधले जाणारच. मोजून-मापून केलेल्या स्वयंपाकात सणाचा आनंद नाही, आणि दाराशी अवचित आलेल्यास माघारी धाडणे आपल्या रीतीत बसत नाही. तेव्हा उरणे हा दोष नव्हे. पुढल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घरातील कालची पोळी कोणाच्या पानात पडते, एवढे प्रत्येकाने जेवताना मान वर करून पाहावे. ती रोज एकाच पानात दिसली, तर तिच्यापैकी अर्धी आपल्या पानात घ्यावी. यास मोठ्या तत्त्वज्ञानाची गरज नाही.