उसवायची टोपी

एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला बोरघाटाची भिंत. मधल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात रात्री डोंगरावरची गार हवा उतरते आणि उन्हं वर येईपर्यंत हलत नाही. मुंबईकराला हे सांगून पटत नाही. जी कानटोपी दादरला उतरताना ओशाळून पिशवीत जाते, ती पहाटे कर्जतच्या फलाटावर मात्र कुणालाच जड होत नाही. थंडी तशी थोड्या दिवसांचीच. दिवाळीनंतर येते, संक्रांत उलटली की निघायच्या तयारीला लागते. तेवढ्यासाठी अख्खा पावसाळा लोकर घेऊन बसायचं का, असा हिशेबी प्रश्न कुणीही विचारेल. पण विणणाऱ्या बायका त्याहून हिशेबी.

कापड एकदा कातरलं की कातरलं. विणलेलं मात्र उसवून परत धाग्यावर आणता येतं. कोपरात विरलेला बाबांचा स्वेटर वाया जात नाही. टोक सापडलं की तो सरसर उसवतो. निघालेली लोकर कुरळ्या केसांसारखी वळलेली असते. तिची लड करून कोमट पाण्यात भिजवायची, खाली हलकंसं वजन अडकवून सावलीत टांगायची. वाळली की सरळ होते, मग गोळा गुंडाळायचा. स्वेटरातून दोन माकडटोप्या निघतात आणि उरल्यासुरल्या लोकरीत एखादं टोपडं.

टोपडं सगळ्यात आधी उसवायला येतं. नुकत्या जन्मलेल्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर घेराचं असतं, वर्षाचं होईतो ते ४६च्या आसपास जातं. पुढे वाढ मंदावते. मोठ्या माणसाचं डोकं ५५-५६वर थांबतं. म्हणजे बारशाला घातलेलं टोपडं उष्टावणापर्यंत पुरलं तरी पुष्कळ. एक सुलट, एक उलट असा काठ घातला तर तो ताणून आणखी महिनाभर भागतं. बाळाच्या अंगाच्या मानाने डोकं मोठं असतं, ऊब तिथून बरीच जाते, त्यामुळे इथे हयगय चालत नाही.

मोठ्यांच्या डोक्यांना कुणी टेप लावत नाही. कुणाचं कपाळ रुंद, कुणाला काठ भुवईवर आलेला खपत नाही, हे विणणारीला पाठ असतं. आजोबांचे कान झाकले पाहिजेत आणि हाकही ऐकू गेली पाहिजे. म्हणून तिथे जाड सुई घेऊन टाका सैल टाकायचा. असली युक्ती बाजारच्या टोपीत मिळायची नाही. अर्थात बाजारची टोपी स्वस्त पडते, हेही खरंच.

कॉलेजातली पोरं घरची टोपी घालत नाहीत. तिला हात लागतो तो पोपटीच्या रात्री. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेलं मडकं शेतात उपडं ठेवून भोवती जाळ केला की पुढून अंग भाजतं आणि मानेला मागून गारठा लागतो. मग टोपी मुकाट्याने खिशातून निघते. निळी लोकर संपली म्हणून शेंड्याला हिरवी लावलेली असते, तेही अंधारात खपून जातं. गोंडा मात्र पोराने घरूनच काढून घेतलेला असतो.