खेळाडूला मत नाही

2020 साली ॲमेझॉन प्राइमवर आलेली 'एल प्रेसिडेंते' ही मालिका चिलीच्या सर्जियो हादुएची गोष्ट सांगते. ला कालेरा या गावच्या छोट्या क्लबचा हा माणूस देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होतो आणि 2015 च्या 'फिफा' लाच प्रकरणात अमेरिकी तपास यंत्रणेपुढे तोंड उघडतो. अशा मालिकेत लाच घेणारा हात डोळ्यांना दिसतो आणि प्रेक्षकाचं समाधान होतं. मला मात्र त्याआधीचे भाग महत्त्वाचे वाटतात. पैशांना हात लागण्याआधी हादुए एक निवडणूक जिंकतो. हा आपल्या मुठीत राहील, अशा हिशेबाने त्याला पुढे केलेलं असतं. भ्रष्टाचाराचं मूळ तिथे, मतदारयादीत आहे.

फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या 211 सदस्य संघटनांना प्रत्येकी एक मत असतं, आणि विकासनिधीही फिफाकडूनच येतो. म्हणजे ज्याला निवडायचं, त्याच्याच हातात आपलं अनुदान. 2011 मध्ये फिफाच्या निवडणुकीआधी पोर्ट ऑफ स्पेनला कॅरिबियन पदाधिकाऱ्यांना 40,000 डॉलरची पाकिटं वाटल्याचं प्रकरण फुटलं, तेव्हा जगाला धक्का बसला. आपल्याकडे सोसायटीची किंवा जिल्हा बँकेची निवडणूक ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला तो बसू नये. मतदार मोजके असले की त्यांना सहलीला नेता येतं.

आमचा सिंधुदुर्ग फुटबॉलच्या दोन मुलखांमध्ये आहे. आंबोलीचा घाट चढून पलीकडे गेलं की कोल्हापूर. तिथे तालमींच्या नावाने संघ उतरतात आणि शाहू स्टेडियम भरतं. पत्रादेवी ओलांडली की गोवा, जिथे गावोगाव फुटबॉल आहे. मधल्या आमच्या किनाऱ्यावर मुलं क्रिकेट आणि कबड्डी खेळतात. पण गोव्यातल्या बातम्या इथे लगेच पोचतात. 2004 मध्ये तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत वर चढण्याचा निर्णय गोलफरकावर येऊन ठेपला होता. कुडतरी जिमखान्याने 61–1 आणि विल्फ्रेड लेझरने 55–1 असे सामने जिंकले. दीड मिनिटाला एक गोल! या दोन सामन्यांतल्या चारही क्लबांवर वर्षाची बंदी आली. ते बरोबरच झालं. मैदानावरची लबाडी आकड्यांतच उघडी पडते, शेंबड्या पोरालाही कळते. कार्यालयातली तशी कळत नाही, कारण ती बहुतेक वेळा नियमात बसवलेली असते.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं पाहा. आपल्या गोंदियाचे प्रफुल पटेल 2009 पासून अध्यक्ष होते. तिसरी मुदत डिसेंबर 2020 मध्ये संपली, निवडणूक झाली नाही, आणि तेच पदावर राहिले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दूर करून प्रशासक समिती नेमली. न्यायालयापुढचा मुद्दा लाचेचा नव्हता, मुदतीचा होता, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर होता. लाच घेणारा कधीतरी सापडतो. मुदत संपल्यावरही खुर्चीत बसणाऱ्याला विचारणारं संघटनेत कुणी उरलेलंच नसतं.

ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन भारताला निलंबित केलं. शिक्षा कोणाला झाली? गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना न खेळता परतावं लागलं. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत व्हायचा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक टांगणीला लागला. निलंबन उठलं म्हणून तो झाला. या मुलींचा वादाशी काडीचाही संबंध नव्हता. त्या आठवड्यांचा मला अजून राग येतो.

प्रशासक समितीच्या आराखड्यात 36 नामवंत माजी खेळाडूंना मतदानाचा हक्क होता. फिफाच्या आक्षेपानंतर तो गेला, उरल्या राज्य संघटना. 2 सप्टेंबरला कल्याण चौबे 33 मतं मिळवून अध्यक्षपदी निवडून आले. बायचुंग भुतियाला एक मत पडलं. चौबे स्वतः गोलरक्षक होते आणि निवडणूक नियमाप्रमाणेच झाली. माझी तक्रार निकालाविषयी नाही. देशासाठी खेळलेल्यांपैकी कुणालाही खेळाडू म्हणून मत नव्हतं, ही तक्रार आहे.

2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या महासंघाच्या घटनेत माजी खेळाडूंना कार्यकारिणीत जागा मिळाली आहे. ते चांगलं झालं. पण राज्य संघटनांचे पाय जिल्ह्यांत आहेत. जिल्हा संघटनेचे सभासद क्लब कोणते, त्यातले किती खरोखर मैदानात उतरतात, अनुदान कशावर खर्च झालं, ही यादी आणि हा जमाखर्च दरवर्षी जाहीर लावला पाहिजे. मालवणच्या पोरांनाही तो वाचता आला पाहिजे, मग खेळ कोणताही असो.