रस्त्याचं देणं, दाराचं देणं

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुण्यात दोन रात्री थांबते. हडपसरला तिची आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीची वाट वेगळी होते. माउली दिवे घाटाकडे वळतात आणि तुकोबा सोलापूर रस्त्यानं सरळ लोणी काळभोरला येतात. मुक्काम एका रात्रीचा, सकाळी यवतकडे कूच. पण त्या एका रात्रीसाठी लोणीत आणि शेजारच्या कदमवाकवस्तीत घराघरांत लगीनघाई असते. कुणी वारकऱ्यांचे पाय चेपून देतो, कुणी दाढी करून देतो, कुणी तुटलेल्या वहाणा शिवून देतो. हल्ली मोबाइल चार्ज करून देणारेही भेटतात. पैसे कुणी घेत नाही.

खालचा संवाद मी रचलेला आहे, पण अशी आत्या आणि असा भाचा या गावात कुठल्याही चुलीपाशी भेटावेत. भाचा मगरपट्ट्यात नोकरी करतो. आत्या उद्या येणाऱ्या दिंडीसाठी भाकरी थापायला बसली आहे.

भाचा : आत्या, एक विचारू? दादा आजारी होते तेव्हा कोपऱ्यावरच्या काकांनी वर्षभर उधारीवर किराणा दिला. शेवटी वहीतलं आमचं पानच फाडून टाकलं. नोकरी लागल्यावर मी पैसे घेऊन गेलो, तर म्हणाले, मला नकोत. पुढं कुणाला तरी असंच सोड.

आत्या : ठाऊक आहे की. मग?

भाचा : मग मी तसंच केलं. एका पोराची डिप्लोमाची फी भरतोय. यंदा त्याचं शेवटचं वर्ष. आणि आता काकांना अर्धांगाचा झटका आलाय, दुकान बसत चाललंय. माझ्या हाताशी पैसे आहेत ते एकाच कामाला पुरतील. काकांनीच पुढं द्यायला सांगितलं होतं. मग मी अजून त्यांचं देणं लागतो का?

आत्या : त्यांच्या दुकानात शेवटचा कधी गेला होतास?

भाचा : आता सगळं ॲपवर मागवतो गं. दहा मिनिटांत दारात येतं.

आत्या काही बोलली नाही. परातीच्या कडेचं पीठ तिनं ओल्या बोटांनी खरवडून गोळ्यात घेतलं, दोन तळव्यांत फिरवलं आणि थापायला लागली. भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. पाणी सुकायच्या आत उलटली, मग तवा उतरवून निखाऱ्याला लावली. ती टम्म फुगल्यावर म्हणाली :

आत्या : तुकोबांच्या घरी सावकारी होती, हे माहीत आहे ना? कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले म्हणतात. पण बुडवताना कुळांना अट घातल्याचं काही ऐकलं नाही मी. आम्ही तुम्हाला सोडलं, तुम्ही दुसऱ्याला सोडा, असं नाही. कागद पाण्यात गेले, विषय संपला.

भाचा : म्हणजे काकांचं चुकलं?

आत्या : चुकलं कसं म्हणू? भला माणूस. पण पुढं कुणाला तरी दे म्हटलं की खातं बंद होत नाही, नुसतं दुसऱ्याच्या नावावर चढतं. तू ते ओझं घेतलंस आणि त्या पोराच्या फीवर उतरवलंस. त्या पोरालाही सांगितलं असशील, पुढं कुणाला तरी कर म्हणून.

भाचा : सांगितलं. त्यात वाईट काय? त्यामुळेच तर चांगलं काम पुढं जातं.

आत्या : वाईट नाही. पण देताना सांगायचं कशाला? मनात आलं तर करील तो. आणि तुकोबांच्याच घरात बघ, निम्मे कागद धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या वाट्याचे होते. ते त्यांना दिले आणि आपल्या वाट्याचेच बुडवले. भावाला प्रपंच चालवायचा होता. त्याला कुणी कमी लेखलं नाही.

भाचा : मग मी उरुळीचं सांगतो. १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचनला आले, निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. ते थोडेच दिवस राहिले. मणिभाई देसाई मात्र कायमचे थांबले. पुढं १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था काढली, १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गांधीजींकडून जे मिळालं ते त्यांनी गांधीजींना परत केलं नाही. उरुळीच्या लोकांना दिलं, गाईगुरांना दिलं. हे पुढं देणंच झालं ना?

आत्या : झालं की. पण १९४८ ला गांधीजी गेले, मग परत देणार कुणाला? तुझे काका अजून गल्ल्यावर बसतात.

इथं आत्या भाच्यावर थोडा अन्याय करते आहे, असं मला वाटतं. पुढं देण्याची रीत आळसातून आलेली नाही. लोणी हे हमरस्त्यावरचं गाव आहे. रात्री अकराला गाडी बंद पडलेल्याला टोचन लावून पेट्रोल पंपापर्यंत सोडणारा टेम्पोवाला सोलापूरचा असेल, नाहीतर हैदराबादचा. तो पुन्हा दिसणार नाही. त्याची फेड करायची तर पुढच्या अडलेल्या माणसापाशीच, दुसरी वाट नाही. उलट जुन्या गावात इर्जिक होती. आज माझ्या रानात सगळ्यांचे नांगर, मी जेवण घालायचं, उद्या मी तुझ्या रानात. तिथं फेड परतच जायची, कारण माणसं जन्मभर एकमेकांच्या बांधाला लागून असायची. दोन्ही रीती खऱ्या. आजच्या लोणीत मात्र एका अंगाला जुनी आळी आहे आणि दुसऱ्या अंगाला हमरस्ता आणि कालपरवा उभ्या राहिलेल्या सोसायट्या. २०२१ मध्ये इथलं पोलीस ठाणंही पुणे शहर आयुक्तालयात गेलं. कुठली रीत कुणाला लावायची, हा घोळ अशाच गावात होतो.

भाचा : तू स्वतः काय करतेस? वारकऱ्यांना शेकड्यानं भाकरी. मागच्या चाळीत मराठवाड्यातून आलेलं बिगारी कुटुंब आहे, त्यांना कधी ताट नेऊन दिलंस?

आत्या : (तवा उतरवून) दिवाळीला दिलं होतं.

भाचा : बघ!

आत्या : बघायचं काय त्यात? खरं आहे तुझं. वारकरी सकाळी निघून जातात म्हणून गोड वाटतात. त्यांची भांडणं माझ्या नळावर होत नाहीत. शेजाऱ्याला एकदा दिलं की तो उद्या परत दिसतो, परवा परत दिसतो. पुण्य लागतं म्हणून मी दिंडीला जेवू घालते, तेही नाकारत नाही. तुझ्यासारखी पुस्तकं वाचलेली नाहीत मी.

भाचा : म्हणजे तू पण विठोबापाशी खातं ठेवतेस.

आत्या : ठेवते. पण दिंडीतली म्हातारी जेवून उठली की माझ्या पाया पडते आणि मी तिच्या पडते. दोघी एकमेकींना माउली म्हणतो. मग कोणी दिलं आणि कोणी घेतलं? माझा जो काही ताठा असतो, तो तिथल्या तिथं मोडतो. तू त्या फीवाल्या पोरासमोर कधी वाकलास?

भाचा : त्याच्यासमोर? तो माझ्या पाया पडतो.

आत्या : आणि काकांसमोर?

भाचा : लाज वाटते गं. गेलो की आठवतं, आपण त्यांच्या वहीत होतो. त्या पोरासमोर तसं वाटत नाही.

आत्या : मग कोडं सुटलं की. पुढं देताना तू मोठा होतोस, परत देताना पुन्हा लहान व्हावं लागतं. म्हणून तुला पुढंच द्यावंसं वाटतं.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग चुलीत एक लाकूड सारत म्हणाला :

भाचा : पण पैशाचं काय? ते तर एकदाच आहेत.

आत्या : पोराला शब्द दिलायस, त्याचं वर्ष बुडवू नको. फी भर. काकांनी तुझ्याकडे पैसे कुठं मागितलेत? उपचाराला लागले तर तेव्हा बघू, मीही घालीन थोडे. आधी तुझा किराणा तिथून आण. त्यांना व्यायामाला दवाखान्यात कोण नेतं ते विचार. आठवड्यातून एक दिवस तू ने.

भाचा : आणि त्यांनी परत म्हटलं, मला नको, पुढं कुणाला तरी कर?

आत्या : तर म्हणावं, तेही करतोय. आता साखर दोन किलो द्या, शेंगदाणे एक किलो. आणि उधारीवर नको, रोख.

भाचा : आज जाऊ?

आत्या : उद्या पालखी, रस्ता बंद असेल. रविवारी जा. दुपारी एकपर्यंत दुकान उघडं असतं.