शब्दवेध आणि विवेक

गेल्या माघात भोकरदन तालुक्यातील एका गावी आम्ही सप्ताहाला गेलो होतो. कीर्तन आटोपले, तोच एक तरुण शेतकरी जवळ येऊन बसला. म्हणाला, "महाराज, डुकरांनी हरभऱ्याचं समदं रान उकरून टाकलं. आज रात्री आम्ही चौघं बंदूक घेऊन निघणार. डुकरं बी जातील अन् शिकारीची मजा बी येईल. यात पाप काय?"

प्रश्न सरळ दिसला, पण त्यात दोन प्रश्न गुंतले होते. पीक राखणे हा एक, मजा हा दुसरा. ते वेगळे केल्यावाचून उत्तर देणे बरे नव्हे.

आधी मजेचा विचार करू. मनूने कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांत मृगयेला पहिले स्थान दिले. उलट कौटिल्याने तिचे गुणही सांगितले की, व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो. पण बाबांनो, नेम साधण्यास जीवच कशाला पाहिजे? कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये 50 मीटरवरील लक्ष्य वेधून कांस्यपदक आणले. त्यात रक्ताचा थेंबही सांडला नाही. कौटिल्याचे सगळे गुण तिथे मिळाले, मनूचा दोष मात्र लागला नाही.

कायदाही हेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यात आरंभी परवाना काढून शिकारीची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने तीही गेली. आज हौसेच्या शिकारीला कोणतेच रान मोकळे नाही.

आता पिकाचा प्रश्न. वर्षाचे कष्ट एका रात्रीत मातीत जातात. हे दुःख खरे आहे, आणि भूतदयेचा उपदेश करून ते झाकणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. म्हणूनच कायद्याने वाट ठेवली आहे. वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळाल्यास उपद्रवी जनावर मारता येते. नुकसानीचा पंचनामा करून भरपाईही मागता येते. बंदुकीला परवाना लागतो, तो निराळा.

परंतु परवाना खिशात असला म्हणजे विवेक आला असे होत नाही. दशरथाला कोण अडवणार होते? राज्य त्याचे, रान त्याचे. अंधारात शरयूकाठी घागर बुडाल्याचा आवाज आला, त्याला तो हत्ती वाटला, आणि बाण सुटला. प्रभासक्षेत्री जरा व्याधानेही भगवंताचा चरण हरिण समजूनच वेधला.

ही पुराणातली गोष्ट म्हणून सोडू नका. 2025 च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी डुकराच्या शिकारीला गेले. झाडीत हालचाल दिसली, गोळी सुटली, आणि आपल्याच सोबत्याचा जीव गेला. पुढे भीतीने प्रेत झुडपात लपविले गेले. दशरथ निदान आपल्या पायांनी त्या आंधळ्या मायबापांपुढे गेला आणि आपल्या हातून काय घडले ते बोलला.

कोणी म्हणेल, "अजाणता घडले, मग दोष कसला?" आम्ही म्हणतो, न जाणणे हा दोष नव्हे. जाणून घेण्याची वाट असता ती सोडून देणे हा दोष. घोडा ओढण्यापूर्वी क्षणभर थांबणे हातात होते, नंतरचे काहीच हातात नव्हते. म्हणून बंदूक रिकामी असली तरी भरलीच समजावी. नळी माणसाकडे वळवू नये. लक्ष्य डोळ्यांनी ओळखल्यावाचून बोट घोड्यावर नेऊ नये. लक्ष्याच्या पाठीमागे काय आहे तेही पाहावे. दारू पिऊन तर हत्याराला शिवूच नये. दिसायला हे पोलिसी नियम आहेत. आमच्या मते हाच अहिंसेचा पहिला धडा आहे.

हे ऐकून तो तरुण गप्प झाला. आम्ही विचारले, "बाळा, तुमच्याकडं लाइट कधी असते?"

"या आठवड्यात रात्रीची, महाराज."

"मग आज रात्री रानात कोण असेल?"

जरा वेळाने तो म्हणाला, "शेजारचे तात्या. गव्हाला पाणी द्यायला."

अंधारात पाण्याचा आवाज येईल, वाकलेली आकृती हलेल. श्रावणबाळ काही शरयूकाठीच राहिला नाही. तो आपल्या बांधापलीकडे रोज रात्री दारे धरतो आहे. त्याला आधी ओळखा. मग पाप-पुण्याचे आम्हांस विचारा.