आडव्या वाटेवरचा दोर
नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा काळा पाषाण आणि सह्याद्रीचे कडे हे दोन्ही सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या बेसॉल्टचे आहेत. अशा कातळावर आरोहक वर न चढता आडवा सरकतो, तेव्हा त्या चालीला ट्रॅव्हर्स म्हणतात. सरळ चढाईत त्याच दोराला बांधलेल्या मागच्या आरोहकाला वरून दोराचा आधार मिळतो; येथे मात्र दोर आडवा असल्याने, हात सुटताच मागचा आरोहक लंबकासारखा झोका घेत कड्यावर आदळू शकतो. म्हणूनच पुढचा आरोहक अवघड टप्पा स्वतः पार केल्यावरही थांबतो आणि केवळ मागच्यासाठी तेथे आणखी एक खिळा ठोकून त्यात दोर अडकवतो. या खेळातील ही सर्वांत उदात्त कृती होय.