हातातली विद्या

सुरतेच्या इतिहासातील एक लहानसा प्रसंग आजच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनीही ध्यानात घेण्याजोगा आहे. सतराव्या शतकात येथील भीमजी पारेख या व्यापाऱ्याच्या मनात आले की, आपल्या लिपीतून आपले प्राचीन ग्रंथ छापावेत. त्याच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस पाठविला. यंत्र आले, परंतु देशी अक्षरांचे ठसे पाडण्याची विद्या त्या मुद्रकापाशी नव्हती, आणि बेत अडखळला. प्रियोळकरांनी भारतीय मुद्रणकलेवरील आपल्या १९५८ सालच्या ग्रंथात ही हकीकत नोंदविली आहे. गोव्यात तर मुद्रणयंत्र १५५६ सालीच उतरले होते; तरी फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते रोमी अक्षरांत. भाषा मराठी, पण वेष परका! यंत्र येणे आणि विद्या येणे या दोन निरनिराळ्या घटना होत, हे यावरून उघड व्हावे.

आज यंत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आहे. वर्गातील मोबाइल पाहून कित्येक अध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचा राग अकारण नसेल. पण तो न्याय्य आहे काय? लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. बाप यंत्रमागावर, घर एका खोलीचे, मेज-खुर्चीची वार्ता नाही. अशा घरातून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचे वाचनालय कोणते? ते त्याच्या तळहातावरच आहे. गुजरात सरकारने २०१७ साली नवागत विद्यार्थ्यांना हजार रुपयांत टॅब्लेट देण्याची योजना काढली, तिच्यामागेही हीच जाणीव असावी. पुढे २०२० साली महामारीने वर्गांना कुलपे लागली, आणि ज्या मोबाइलला वर्गाबाहेर ठेवण्याची ताकीद होती तोच वर्ग होऊन बसला. गरजेपुरते ज्याला आत घेतले, त्याला गरज सरताच दुर्गुणांचे मूळ ठरविणे सचोटीचे नव्हे.

तथापि विद्यार्थ्यांच्या बाजूनेही एक भ्रम आहे. 'उत्तर हवे तेव्हा मिळते; मग ते मनात साठवावे कशाला?' असे ते विचारतात. प्रश्न वरवर बिनतोड दिसतो. परंतु शोध घ्यावयाचा तर काय शोधावे हे आधी सुचावे लागते, आणि सुचते ते मनात जे मुरलेले असते त्यातून. ज्याच्या मनात काहीच मुरलेले नाही त्याला शंका कोठून येणार? अर्थात हा दोष यंत्राने नव्याने आणलेला नाही. गाइडे घोकून पदवी मिळविणारे मोबाइलच्या पूर्वीही थोडे नव्हते.

आपल्या परंपरेने विद्येला ऋण मानले. ऋषिऋण फेडावयाचे ते स्वाध्यायाने. या कल्पनेतील मर्म असे की, मिळालेली विद्या आपण पुढे देईपर्यंत आपली होत नाही. मोबाइल जे देतो त्याचा धनको दिसत नाही, म्हणून ऋणही जाणवत नाही. कोणा अज्ञाताने परिश्रमपूर्वक लिहिलेले उत्तर आपल्या नावाने खाली सही करून देताना हात कापत नाही, याचे कारण हेच. सुरतेच्या विद्यापीठाला ज्या नर्मदाचे नाव आहे, त्याने गुजराती शब्द वेचून १८७३ साली आपला कोश पुरा केला. आज तसा शब्दार्थ क्षणात मिळतो. तो क्षण कोणाच्या तरी अनेक वर्षांनी विकत घेतलेला असतो, एवढे भान राहिले तरी पुरे.

मग कसोटी कोणती? यंत्र बाजूस ठेवावे, आणि जे वाचले ते घरातल्या धाकट्या भावाला अहिराणीत, मराठीत वा कोंकणीत समजावून सांगून पाहावे. विषय इंग्रजीतून आला असेल, व्याख्यान गुजरातीतून ऐकले असेल. पण ते आपल्या बोलीत उतरविताना जेथे अडखळावयास होते, तेथेच आपले अज्ञान बसलेले असते. हे अडखळणे म्हणजेच अक्षरांचे ठसे पाडणे होय. ते काम हिल्सला जमले नाही, आणि कोणतेही यंत्र ते आपल्यावतीने करून आपल्याला ज्ञानी करू शकत नाही. मोबाइल हातात असो वा नसो, ज्याने हे श्रम केले त्याचीच विद्या त्याची.