खरेदी अधिकाऱ्याच्या पाठीशी कोण?

दर महिन्याच्या सुरुवातीला अर्थविषयक बातम्यांत एक आकडा हमखास झळकतो: पीएमआय, म्हणजे खरेदी व्यवस्थापक निर्देशांक. तो ५० च्या वर असेल तर कारखानदारी वाढते आहे, खाली असेल तर आक्रसते आहे, असं मानतात. नव्या ऑर्डरी आल्या का, कच्चा माल महागला का, डिलिव्हरी लांबली का, हे कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून हा आकडा काढला जातो. अमेरिकेत अशी पाहणी खुद्द खरेदी व्यावसायिकांची संघटना करते. १९१५ साली ती स्थापन झाली, १९३१ पासून हा अहवाल प्रसिद्ध करते आहे, आणि शेअर बाजारापासून मध्यवर्ती बँकेपर्यंत सगळे त्याची वाट पाहतात. भारताचा पीएमआय मात्र एस अँड पी ग्लोबल ही परदेशी कंपनी तयार करते आणि तो एचएसबीसी बँकेच्या नावानं येतो. माहिती इथल्या खरेदी खात्यांतली आणि बोलणारा तिसराच, हे मला फार बोलकं वाटतं. आपल्या खरेदी व्यवसायाकडे अनुभव आहे, पदविका आहेत, परिषदा आहेत. सार्वजनिक आवाज मात्र नाही.

तो नसल्याची किंमत आज वाढली आहे, कारण कामच बदललं आहे. तीन कोटेशनं मागवा, तुलनात्मक तक्ता करा, सर्वांत कमी दराला खरेदी आदेश (पीओ) काढा, ही खरेदीची जुनी रीत. १९८३ मध्ये पीटर क्रालिच यांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात दाखवून दिलं, की वस्तूचा पुरवठा तुटण्याचा धोका किती आणि नफ्यावर तिचा परिणाम किती, हे पाहून प्रत्येक वस्तूची खरेदी वेगळ्या पद्धतीनं करायला हवी. मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्कीच्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. ती लगेच विझली, पण धुरानं उत्पादनाचे कक्ष खराब झाले. नोकिया आणि एरिक्सन या दोन मोबाइल कंपन्यांच्या चिप तिथूनच येत होत्या. नोकियाच्या माणसांनी तातडीनं फिलिप्सच्या इतर कारखान्यांतली क्षमता मिळवली, दुसरे पुरवठादार गाठले. एरिक्सननं वाट पाहिली आणि मोठा तोटा सोसला. पुढच्याच वर्षी तिनं मोबाइलचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला. त्याला इतर कारणंही होती, पण खरेदी खात्याच्या एका निर्णयाचं वजन किती असू शकतं हे त्या आगीनं दाखवलं. करोनाकाळात आणि २०२१ च्या चिपटंचाईत चाकणच्या वाहन उद्योगानं तेच भोगलं.

तक्ते करण्याचं काम आता यंत्राकडे गेलं आहे. सरकारी खरेदीचं ‘जेम’ पोर्टल ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षी केंद्राचं जुनं पुरवठा महासंचालनालय बंद झालं. खासगी कंपन्यांत पुरवठादारांनी दर उतरवत नेण्याचा ऑनलाइन लिलाव, म्हणजे रिव्हर्स ऑक्शन, नेहमीचं झालं आहे. माणसाकडे उरला तो निर्णय आणि त्याची जबाबदारी. नेमका इथेच खरेदी अधिकारी एकटा पडतो.

सरकारी कार्यालयातला एल-वन घ्या. एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा, प्रत्येक वेळी स्वीकारायलाच हवी असं नाही. केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून ठरावीक कामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार द्यायला मुभा दिली. तरीही हात एल-वनकडेच वळतो. महाग पण टिकाऊ पंप घेणाऱ्याला पाच वर्षांनी लेखापरीक्षणाचा आक्षेप येऊ शकतो, दक्षता विभागाची नोटीस येऊ शकते. स्वस्त पंप जळाला तर कोणी फारसं विचारत नाही. या भीतीला मी भ्याडपणा म्हणणार नाही. प्रामाणिक माणसाच्या बाजूनं व्यावसायिक मत देणारी संस्थाच नसेल, तर त्यानं सुरक्षित वाट धरणं स्वाभाविक आहे. कोणत्या परिस्थितीत जास्त दर योग्य ठरतो याचे दाखले गोळा करणं, चौकशीत तज्ज्ञ म्हणून उभं राहणं, हे संघटनेचं काम आहे.

दुसरी बाजू पुरवठादाराची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देणं बंधनकारक आहे. ते मागतो कोण? मागितलं तर पुढची ऑर्डर जाते, हे भोसरी, सातपूर, वाळूजमधल्या कोणत्याही वर्कशॉपवाल्याला ठाऊक आहे. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) नं थकवलेल्या बिलाची वजावट त्या वर्षापुरती रोखली. तेव्हा व्यापाऱ्यांच्या एका मोठ्या संघटनेनं हे कलम पुढे ढकला अशी मागणी केली, आणि लघु उद्योगांतही मोठे ग्राहक दुसरीकडे वळतील अशी धास्ती होती. ज्यांच्यासाठी तरतूद केली तेच घाबरले! त्या वेळी देशभरच्या खरेदीप्रमुखांनी एकत्र येऊन ‘आम्ही ४५ दिवस पाळू आणि त्यापायी पुरवठादार बदलणार नाही’ असं जाहीर केलं असतं, तर त्या भीतीतली बरीचशी हवा निघून गेली असती. पैसे सोडणं वित्त विभागाच्या हातात असतं, ही सबब मला पुरेशी वाटत नाही. माल मिळाल्याची नोंद (जीआरएन) वेळेत काढणं, बिलावरचे आक्षेप लगेच कळवणं तरी खरेदी आणि स्टोअरच्याच हाती असतं.

आपल्याकडे ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट’सारखी राष्ट्रीय संस्था आहे आणि तिचं मुख्यालय नवी मुंबईत, बेलापूरला आहे. शाखांचं काम सांभाळणारी माणसं नोकरी करून संध्याकाळी वेळ देतात, त्याबद्दल मला आदर आहे. शिक्षणाचं काम या संस्थेनं केलंच आहे. पण सनदी लेखापालांना १९४९ च्या कायद्यानं मिळालेला अधिकार खरेदी व्यवसायाला नाही. खरेदीच्या खुर्चीवर कोणीही बसू शकतो आणि गैरवर्तनासाठी त्याला व्यवसायातून काढता येत नाही. कायद्याचं बळ नसताना नेतृत्वाकडे एकच बळ उरतं, नैतिक अधिकार. तो परिषदा भरवून येत नाही. प्रायोजकत्व देणाऱ्या कंपनीलाही न रुचणारी भूमिका घेतल्यानं येतो. शिवाय हे नेतृत्व मोठ्या कंपन्यांपुरतं राहता कामा नये. सहकारी साखर कारखान्याचा खरेदी अधिकारी, जिल्हा रुग्णालयात औषधांची मागणी नोंदवणारी भांडारपाल, नगरपालिकेचा निविदा लिपिक हेही याच व्यवसायातले आहेत. सर्वांत जास्त दबाव त्यांच्यावर येतो आणि संघटनेचा दरवाजा त्यांच्यापासूनच सर्वांत दूर असतो.

तुम्ही अशा एखाद्या संघटनेचे सभासद असाल, तर पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला दोन प्रश्न विचारा. तुमच्या कंपनीत लहान पुरवठादाराचं बिल किती दिवसांत चुकतं होतं? आणि एल-वन नाकारल्याबद्दल चौकशीत सापडलेल्या सभासदासाठी तुम्ही काय कराल? दोन्ही उत्तरं लेखी घ्या आणि शाखेच्या फलकावर लावा.